मलमलचा उन्हाळी शर्ट : कापड, बेतणी, शिवण (इंदूरच्या उन्हासाठी)

रामबागची_सुई
ब्लाउज, कुर्ता शिवता येतो असं धरून विचारते. पुरुषाचा कॉलरवाला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, छाती ४० इंच, उंची २९ इंच, पातळ सुती कापडात. पॉपलीनला जी पद्धत बिनतक्रार चालते ती मलमलला चालत नाही. सुरुवातीलाच मशीन कापड गिळतं, बटणपट्टीला लाटा येतात आणि कॉलरला फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावलं की दोन धुण्यांत फुगे. कापड कोणतं, किती, कॉलरच्या आत काय, कडा कशा झाकायच्या, हे जाणकारांनी सविस्तर लिहा. मशीन पायाचं आहे, सरळ टाक्याचं.

पन्हा४४
चांगला धागा. आधी कापड.

पातळ सुती म्हटलं की दुकानदार चार वेगळ्या गोष्टी समोर टाकतो. मलमल साधारण ५० ते ७० ग्रॅम प्रति चौरस मीटर, व्हॉइल ६० ते ८०, केंब्रिक ८० ते ११०, पॉपलीन त्याच्या वर. ग्रॅम विचारले तर काउंटरवर कोणी सांगणार नाही, म्हणून हाताने पारखा. एकेरी कापड तळहातावर पसरा. तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसल्या तर मलमल, नुसता हाताचा रंग जाणवला तर व्हॉइल किंवा केंब्रिक. मग थान उजेडासमोर धरा. वीण एकसारखी हवी. मध्येच दाट-विरळ पट्टे दिसले तर ते कापड खांद्यावर आणि पाठीत पहिलं फाटणार.

दुसरी पारख अंगठ्याची. दोन्ही अंगठे अर्ध्या इंचावर ठेवून कापड आडवं ताणायचं. धागे बाजूला सरकून फट पडली आणि ती मिटली नाही, तर त्याचा शर्ट शिवू नका, ओढणी करा.

एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये (महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, नव्या लोकांसाठी) ‘पन्हा’ (कापडाची रुंदी, इंचात) म्हणून कळलं नाही तर ‘पना’ म्हणा. ४४ म्हणून विकलेला पन्हा प्रत्यक्षात ४२-४३ भरतो, तेव्हा टेप घरून न्या.

माळवा_मलमल
रुबिया विसरलात. ब्लाउजचं टू बाय टू रुबिया शर्टाला उत्तम. ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) दोन्हीकडे दोन पदरी सूत, त्यामुळे पातळ असूनही धागे सरकत नाहीत. रंग हवे तितके. पन्हा मात्र बहुतेक ३६. आणि ‘रुबिया’ या नावाखाली मिश्र सूतही विकतात. काठाचे चार धागे काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होतो. टोकाला कडक मणी जमला तर पॉलिएस्टर आहे.

कैचीबहाद्दर
वरच्या दोघांना अनुमोदन, पण एक मुद्दा राहतो. शर्ट कुठे घालायचा? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४० ते ४३ अंश आणि हवा कोरडी. मुंबईसारखा घाम चिकटून राहत नाही, लगेच उडतो. म्हणून इथे त्रास देतं ते थेट ऊन. पांढरी पातळ मलमल बरंच ऊन आरपार सोडते. घरात, दुकानात, संध्याकाळी राजवाड्याकडे फिरताना मलमल. दुपारी दुचाकीवर फिरणाऱ्याला केंब्रिक, आणि बाही पूर्ण.

जुनीइंदूर
पूर्ण बाही? मे महिन्यात? भिया, रहम करा.

कैचीबहाद्दर
सैल पूर्ण बाहीच्या आत हवा खेळते आणि कातडी भाजत नाही. मोहरीला (बाहीच्या तोंडाला) कफ न लावता १ इंचाची साधी दुमड द्या, बाही वर गुंडाळताही येते. पण धागा अर्ध्या बाहीचा आहे, तेव्हा इथेच थांबतो. पूर्ण बाहीला ४४ पन्ह्यात अर्धा मीटर जास्त धरा, एवढंच.

उरेब_पट्टी
कापडाचा हिशोब मांडते, म्हणजे अंदाजावर भांडण नको. छाती ४०, तयार घेर ४६ धरला आहे (का ते बेतणीत येईल).

४४ पन्हा काठाला काठ जुळवून दुमडला की हातात २२ इंच राहतात. पुढचा भाग पट्टीसह १५ इंच रुंद, पाठ १२. एकाशेजारी एक बसत नाहीत, एकाखाली एक ठेवायचे. उंची मायेसकट (माया म्हणजे शिवणीसाठी ठेवलेलं जास्तीचं कापड) ३१ अधिक ३१, खाली बाह्यांना १२. झाले ७४ इंच, म्हणजे १ मीटर ८८ सेंटिमीटर. खांदापट्टी (पाठीच्या वर, खांद्यावरचा आडवा तुकडा), कॉलर, खिसा पाठीशेजारच्या उरलेल्या पट्ट्यातून निघतात. आटण्याची सोय धरून सव्वादोन मीटर घ्या. ५८ पन्ह्यात पुढा आणि पाठ शेजारी बसतात, म्हणून १ मीटर ६० चा शर्टपीस आरामात पुरतो. ३६ पन्ह्याला अडीच मीटर. चौकडा किंवा एकाच दिशेची छपाई असेल तर यावर पाव मीटर.

रामबागची_सुई
आटण्याचं नक्की किती धरायचं? कोणी ३ टक्के म्हणतं, कोणी ८.

उरेब_पट्टी
कोणाचं ऐकू नका, मोजा. थानाच्या एका टोकाला काठापासून दूर २० बाय २० इंचाचा चौकोन धावदोऱ्याने आखा. धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. उभ्या धाग्यात १९¼ आलं तर पावणेचार टक्के. ३१ इंचाच्या तुकड्यात हे सव्वा इंचाच्या आसपास जातं, म्हणजे न धुता बेतलेला शर्ट पहिल्या धुण्यानंतर पँटीच्या वर येणार. आडव्या धाग्यात आटणं बहुतेक कमी असतं. हातमागाचं आणि खादीचं कापड जास्त आटतं, तिथे एकदा धुऊन भागत नाही, दोनदा धुवा.

धुणं म्हणजे नुसतं पाण्यातून काढणं नाही. रात्रभर साध्या पाण्यात बुडवा, सकाळी साबणाने रोजच्यासारखं धुवा. पुढे शर्ट मशीनमध्ये धुतला जाणार असेल तर कापडही मशीनमध्येच धुवा.

जुनीइंदूर
पाण्यात मूठभर मीठ टाकायला विसरू नका, रंग पक्का होतो.

माळवा_मलमल
मीठ कापड रंगवताना, रंगाच्या पाण्यात उपयोगाचं. तेव्हा रंग सुतात शिरायला मदत होते. रंगवून, छापून, वाळून दुकानात आलेल्या कापडाला मिठाच्या पाण्यात बुडवून काहीही पक्कं होत नाही. सुटणारा रंग जास्तीचा असतो, तो स्वच्छ पाणी येईपर्यंत खंगाळून काढायचा, बस.

बाग छपाई घ्या. धार जिल्ह्यातल्या बाग गावचं अस्सल काम असेल तर तिथला लाल तुरटी आणि अलिझरीन या रंगद्रव्याचा, काळा लोखंडापासूनचा. तो छापून उकळतानाच सुताशी बांधला जातो, नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन जास्तीचा काढलेला असतो. तरी पहिल्या धुण्यात थोडा उतरतोच. पांढऱ्या रुमालाचा तुकडा ओला करून छपाईवर चोळून बघा. दुसऱ्या धुण्यानंतरही रुमाल लाल झाला तर ते कापड वेगळ्या कामाला. छपाईच्या शर्टाला कॉलरचा आतला भाग पांढरा ठेवायची हौस असते, ती इथे आवरा.

जुनीइंदूर
मिठाचं मागे घेतो. घरात तीन पिढ्या घालत आल्या, हे मात्र खरं.

रामबागची_सुई
महेश्वरीचा शर्ट शिवावा का? जवळच आहे, थानही मिळतं.

माळवा_मलमल
नेहमीच्या महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा. रेशमी धागा गुळगुळीत, सूत त्याच्यावरून सरकतं. मुंढ्यात (बाही जोडायच्या गोलाईत) आणि पाठीत ताण आला की शिवण शाबूत राहते, पण शिवणीच्या शेजारी धागे बाजूला होऊन जाळी पडते. साडीला तो ताण कधी येत नाही. शर्ट करायचाच तर दोन्हीकडे सूत असलेलं महेश्वरी मागा, आणि ढिलाई (अंगाच्या मापाहून जास्तीचा घेर) ६ इंचांच्या खाली नको. चंदेरीलाही हेच.

धावदोरा
आता मूळ दुखण्याकडे येऊ. मलमलच्या निम्म्या तक्रारी मशीनच्या नसतात, खळ नसण्याच्या असतात. ओलं-सुकं, लुळं कापड बेतायला घेतलं की कैचीखाली सरकतं, चौकोनाचा समांतरभुज होतो, मग पुढे कितीही जपा. धुऊन झाल्यावर, बेतण्याआधी, अख्ख्या कापडाला खळ द्या. शर्ट तयार झाला की एका धुण्यात निघून जाते.

सव्वादोन मीटर मलमलला १ लिटर पाणी आणि १ मोठा चमचा साबुदाणा पुरतो. साबुदाणा तासभर भिजवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा, मग जुन्या कपड्यातून गाळा. गाळणं टाळू नका. एक दाणा जरी राहिला तरी इस्त्रीखाली त्याचा पिवळट चट्टा पडतो, आणि तो नेमका पुढच्या भागावर येतो. कोमट असताना कापड त्यात बुडवा, हलकं दाबा, पिळू नका. सावलीत घाला. चार आण्यांचा ओलावा उरला असताना उतरवा आणि इस्त्री करा. इस्त्री नेहमी उभ्या धाग्याच्या दिशेने. तिरकी फिरवली की ओलं कापड उरेबात (धाग्यांच्या तिरक्या दिशेत) ताणलं जातं आणि खळ त्याला त्याच वाकड्या आकारात धरून ठेवते.

झालेलं कापड हातात धरलं की कागदासारखं वाजलं पाहिजे, पण दुमडल्यावर कडक रेघ पडू नये. रेघ पडली तर खळ जास्त झाली.

पन्हा४४
भाताची पेज चालते का?

धावदोरा
चालते, पण इस्त्रीच्या तव्याला चिकटते आणि पांढऱ्यावर पिवळी छटा येते. आणि कोणतीही खळ असो, तसंच कापड कपाटात महिनाभर ठेवू नका, कसर लागते.

कैचीबहाद्दर
बेतणी माझ्याकडे.

आधी आडवी कड सरळ करा. मलमल फाडून सरळ करू नये, फाडताना कडेचा दोन इंच भाग ओढला जातो. एक आडवा धागा टाचणीने उचला, हळू ओढत न्या, तो निघाला की जी रेघ दिसते तिच्यावरून कापा. मग काठ जुळवून दुमड घाला. दुमडीवर तिरकी सुरकुती आली तर कापड अजून वाकडं आहे. ओलं करून कोपऱ्यातून तिरकं ओढा.

गुळगुळीत फरशीवर बेतू नका. खाली जुनी चादर पसरा, तिच्यावर कापड सरकत नाही. खडू घ्या किंवा अंघोळीच्या साबणाची सुकलेली चिपटी, ती सगळ्यात बरी, धारदार रेघ येते आणि धुण्यात जाते. मेणाचा खडू नको. इस्त्रीने मेण वितळून तेलकट डाग राहतो, पातळ कापडात तो सुलट बाजूला दिसतो.

मापं. छाती ४० चा चौथा भाग १०, त्यात दीड इंच ढिलाई, ११½. चारी मिळून तयार घेर ४६. नेहमीच्या शर्टाला ४ इंच ढिलाई पुरते. इथे ६ का? एक, अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा फिरावी. दोन, ताण शिवणीवर येऊ नये, पातळ कापड ताणाने शिवणीशेजारीच जातं. खांदा (इथले मास्तर ‘तीरा’ म्हणतात) १८, अर्धा ९. मुंढ्याची खोली छातीचा सहावा भाग अधिक ३ म्हणजे जवळपास ९¾, उन्हाळी शर्टाला आणखी अर्धा, १०¼. याहून खाली नेऊ नका. मुंढा फार खोल गेला की हात वर केल्यावर अख्खा शर्ट वर येतो. बाही ९½, मोहरी १६. गळा १५½ असेल तर कॉलरचा पट्टा (कॉलर जिच्यावर उभी राहते ती गळ्याभोवतीची पट्टी) काजापासून बटणापर्यंत १६.

पाठीला मध्ये पेटीची चुणी द्या. त्यासाठी पाठ दुमडीवर ठेवताना दीड इंच बाहेर सरकवायची, म्हणजे एकूण ३ इंच जास्त. चुणी फक्त खांदापट्टीत पकडायची, खाली शिवून बंद करायची नाही, हवा तिथूनच खेळते. वरच्या हिशोबात पाठीची रुंदी त्यामुळे १३½ होते. ४४ पन्ह्यात काही बिघडत नाही. ५८ ला मात्र शेजारी ठेवलेले तुकडे अगदी काठोकाठ येतात, काठाची जाड पट्टी मायेत घ्यावी लागते.

माया मुंढा, बगल (बाजूची शिवण) आणि खांद्याला १.५ सेंटिमीटर. गळ्याला फक्त ७-८ मिलिमीटर.

रामबागची_सुई
माया सेंटिमीटरमध्ये आणि बाकी सगळं इंचात, डोकं गरगरतं.

कैचीबहाद्दर
खरं आहे. टेप इंचाचा, पण दाबपट्टीच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) उजव्या कडेचं अंतर मिलिमीटरमध्ये चटकन कळतं. ६ मिलिमीटर म्हणजे पाव इंच, १.५ सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या इंचाहून चिमूटभर जास्त. असं धरा.

बेतून झाल्या झाल्या, तुकडे हलवायच्या आधी, गळ्याच्या गोलाईवर कडेपासून ४ मिलिमीटर आत एकेरी शिवण मारा. खांद्याकडून पुढच्या मध्याकडे, दोन्ही बाजूंनी एकाच दिशेने. गोलाई उरेबात असते. नुसतं उचल-ठेव करण्यात गळा अर्धा इंच मोठा होतो आणि मग कॉलर कमी पडली म्हणून कॉलरला दोष देतात.

धावदोरा
मशीनची तयारी. सुई ११ नंबर, नवी. १६ ची सुई मलमलमध्ये भोकं पाडते, १४ सुद्धा नको. सुई बोथट असेल तर आडवा धागा ओढला जातो, शिवणीच्या दोन्हीकडे पांढरी रेघ दिसते. ती दिसली की लगेच सुई बदला, तो धागा परत जागेवर येत नाही.

टाका इंचाला १२ ते १३. जुन्या मशीनच्या पट्टीवरच्या आकड्यांवर विश्वास नको, रद्दी तुकड्यावर शिवून इंचातले टाके मोजा. इंचाला १६-१७ झाले तर कापडापेक्षा दोऱ्याची गर्दी होते आणि शिवण आवळते. दाबपट्टीच्या दांड्यावरचा स्क्रू दोन फेरे ढिला करा. दाब जास्त असेल तर खालचा पदर मशीनचे दाते पुढे नेतात, वरचा मागे राहतो. तुमच्या बटणपट्टीच्या लाटा बहुतेक इथूनच येतात.

ताण तपासायला वर लाल, बॉबिनमध्ये निळा दोरा घाला. निळे ठिपके वर दिसले तर वरचा ताण जास्त आहे, ढिला करा. पातळ कापडात गाठ लपवायला जाडी नसते, म्हणून पॉपलीनवर जुळलेला ताण इथे पुन्हा जुळवावा लागतो.

कापड गिळण्याचं उत्तर सोपं आहे. अगदी कडेवरून सुरुवात करू नका, कडेच्या आत ५ मिलिमीटरवर सुई टेकवा. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून पहिले तीन टाके चाक हाताने फिरवून घाला. पायाच्या मशीनला सुईचं भोक गोल आणि लहान असतं, त्यामुळे झिगझॅगवाल्यांपेक्षा तुम्ही सुखी. तरी अडलंच तर खाली वर्तमानपत्राच्या कडेची कोरी पट्टी ठेवा, शिवल्यावर फाडून काढा. छापील भाग नको, शाई लागते.

दोरा सुती, ६० नंबर. पॉलिएस्टर शिवायला गोड, पण मलमलपेक्षा कितीतरी मजबूत. खिसा खिळ्याला अडकला तर शिवण उसवत नाही, कापड फाटतं. शिवण पुन्हा घालता येते.

जुनीइंदूर
वाचनखूण साठवली. शेवटचं वाक्य मास्तरांना दाखवणार.

उरेब_पट्टी
बटणपट्टी. पातळ कापडात फ्युजिंग नको, पट्टी कापडाचीच तीन पदरी करा. पुढच्या मध्यरेषेपासून ⅝ इंच बाहेर पट्टीची कड. त्या कडेच्या पुढे आणखी अडीच इंच कापड ठेवायचं. ते सव्वा इंच दुमडा, इस्त्री, पुन्हा सव्वा इंच दुमडा, इस्त्री. दोन्ही दुमडी पूर्ण रुंदीच्याच हव्यात. पॉपलीनमध्ये पहिली दुमड पाव इंचाची चालते. मलमलमध्ये ती पाव इंचाची गडद रेघ पट्टीच्या मध्येच समोरून दिसते, बनियनची पट्टी दिसावी तशी. पूर्ण दुमडीने पट्टीचा सलग पांढरा पट्टा होतो आणि तो मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो.

दोन्ही पुढे वरून खाली शिवा. एक वरून आणि दुसरा खालून शिवला तर लाटा उलट-सुलट येतात आणि टोकं जुळत नाहीत. शिवताना मागून ओढू नका, पुढून ढकलू नका, कापड मशीनला नेऊ द्या.

पन्हा४४
खिसा एकच, आणि त्याची आतली माया ६ मिलिमीटरवर कातरा. पारदर्शक कापडात खिशाच्या आतली वेडीवाकडी कड जगाला दिसते. वरच्या दुमडीलाही हाच नियम, १ इंच अधिक १ इंच.

उरेब_पट्टी
खांदापट्टी एकेरी की दुहेरी?

कैचीबहाद्दर
एकेरी. आपण दोन पदर कमी करायला निघालोय. मागची शिवण आतून उरेब पट्टीने झाकायची.

माळवा_मलमल
असहमत. खांद्यावर ऊन उभं पडतं, तिथे दोन पदर सावलीच देतात. शिवाय शर्टाचं सगळं वजन, खिशातल्या मोबाइलसकट, खांदापट्टीवर. आणि दुहेरीत जोडाच्या कडा आत गुडूप होतात, उरेब पट्टीचा तिसरा-चौथा पदर लावावाच लागत नाही. मोजून बघा, शिवणीवर एकेरीत जास्त जाडी भरते.

कैचीबहाद्दर
शिवणीवर जाडी, बाकी पाठीवर हलकं. पण मोबाइलचा मुद्दा मान्य. ७० ग्रॅमच्या खाली दुहेरी, केंब्रिकला एकेरी, असं म्हणू.

माळवा_मलमल
चालेल.

धावदोरा
कडा. ओव्हरलॉक करू नका, पातळ कापडात दोऱ्यांचा सुरवंट बाहेरून दिसतो. खांद्याची सोय झालीच, बगल आणि मुंढा राहिले. तिथे फ्रेंच शिवण.

आधी उलट बाजूंना उलट बाजू लावायच्या, म्हणजे सुलट बाजू बाहेर. विचित्र वाटतं, पण बरोबर आहे. कडेपासून ६ मिलिमीटरवर शिवण. ती माया आता ३ मिलिमीटरवर कातरा. हे काम टाळलं की दुसऱ्या शिवणीतून धाग्यांच्या मिशा बाहेर येतात. इस्त्रीने शिवण एका बाजूला झोपवा, मग उलगडून सुलट बाजू आत घ्या, कड बोटांत चोळून अगदी टोकावर आणा, पुन्हा इस्त्री. आता ८ मिलिमीटरवर दुसरी शिवण. ६ आणि ८ मिळून १४, म्हणून दीड सेंटिमीटरची माया सांगितली होती.

बाही बगल शिवायच्या आधी लावा, सपाट असतानाच. मग बाहीच्या मोहरीपासून शर्टाच्या तळापर्यंत एकच लांब फ्रेंच शिवण. काखेत दोन फ्रेंच शिवणी एकमेकींवर येतात, तिथे गाठ होते. मुंढ्याची शिवण पुढच्या तुकड्यात बाहीकडे आणि पाठीत शर्टाकडे झोपवली तर गाठ विभागली जाते.

बाहीचा वरचा गोल आणि मुंढा टेपने मोजा. गोल फार तर पाव ते अर्धा इंच मोठा चालेल. ब्लाउजच्या सवयीने एक इंच ठेवला तर फ्रेंच शिवणीत चुण्याच चुण्या.

रामबागची_सुई
आणि कॉलर? खरी भीती तिचीच.

उरेब_पट्टी
फुगे का येतात ते आधी. फ्युजिंग डिंकाच्या ठिपक्यांनी चिकटतं आणि धुण्यात आटत नाही. मलमल मात्र थोडी आणखी आटते. दोघांत फरक पडला की मध्ये पोकळी, तोच फुगा. कापड नीट आटवून घेतलं तरी दुसरी अडचण उरते. पातळ कापडातून डिंकाचे ठिपके सुलट बाजूला झिरपतात, हलक्या रंगावर पुरळ आल्यासारखे दिसतात.

म्हणून न चिकटवता, शिवून अस्तर. पांढरी केंब्रिक, दोनदा धुतलेली. किंवा सुती ऑर्गंडी, ती मुळात कडक आणि पातळ. शर्ट रंगीत असेल तर अस्तरही त्याच कापडाचं घ्या, नाहीतर कॉलर बाकी शर्टापेक्षा फिकी दिसते. अस्तर वरच्या कॉलरच्या उलट बाजूला कडेपासून ४ मिलिमीटरवर कच्च्या टाक्याने जोडा.

खालची कॉलर तिन्ही बाहेरच्या कडांना २ मिलिमीटर लहान कापा. दोन्ही कडा जुळवून शिवताना वरची किंचित फुगते, उलटवल्यावर शिवण आपोआप खाली वळते. टोकाला काटकोनात न वळता एक टाका तिरका घाला. अगदी काटकोनात वळलं तर टोकात कापड मावत नाही आणि बोथट गोळा होतो. माया ४ मिलिमीटर, टोकाशी २. टोक कैचीने ढोसून काढू नका, मलमल फाटते. शिवताना टोकात दुहेरी दोरा अडकवून ठेवा आणि उलटवल्यावर तो ओढा, टोक सुळ्यासारखं बाहेर येतं. नंतर दोरा काढून टाका.

पट्टा जोडायच्या आधी गळ्याच्या मायेला अर्ध्या अर्ध्या इंचावर काप द्या, ४ मिलिमीटरवरच्या त्या शिवणीच्या धाग्यापर्यंत पोचले की थांबा. ती शिवण कापली तर सगळं मुसळ केरात.

जुनीइंदूर
कॉलरचा पट्टाच काढून टाकला तर? ती सपाट, उघड्या गळ्याची कॉलर असते ना.

उरेब_पट्टी
उन्हाळ्याला तीच शहाणपणाची. मानेभोवती चार पदर कमी. पण तिला पुढून आतली पट्टी रुंद लागते आणि ती मलमलमधून छातीवर सावलीसारखी दिसते. केंब्रिक किंवा छापील कापडात करा.

पन्हा४४
तळाची दुमड राहिली. गोल तळ असेल तर कडेपासून ६ मिलिमीटरवर शिवण घाला, त्या शिवणीवर दुमडा, कडेला लागून दुसरी शिवण, उरलेली माया कातरा, पुन्हा दुमडून तिसरी. दिसते एकच, उलट बाजूने दोन. बगलेजवळच्या वळणावर कापड उरेबात असतं, तिथे इस्त्री दाबून उचला, ओढू नका. सरळ तळ आणि बगलेला २ इंचाची चीर ठेवली तर हे सगळं टळतं, शर्ट बाहेर सोडून घालायलाही बरा.

कैचीबहाद्दर
एक सूचना. पांढऱ्या मलमलखाली पांढरा बनियन ठळक दिसतो. अंगाच्या रंगाच्या जवळचा, बदामी किंवा फिकट तपकिरी बनियन घ्या, दिसेनासा होतो.

रामबागची_सुई
सगळ्यांचे आभार, पुढच्या रविवारी कापड आटवायला घालते. शेवटचं एकच. सरळ टाक्याच्या मशीनवर काजं होत नाहीत. बाहेर काज-बटणवाल्याकडे द्यावी का? त्याच्या मशीनची काजं जाड सुती शर्टाच्या हिशोबाने घट्ट असतात.

धावदोरा
द्या, पण खळ निघायच्या आधी द्या. धुतलेल्या मलमलवर काज चोळामोळा होतो. शर्टाबरोबर त्याच कापडाची, तशीच तीन पदरी पट्टी वीतभर न्या आणि दोन काजं आधी तिच्यावर करून मागा. बटण ११ मिलिमीटरचं असेल तर काज १३-१४. पट्टीवर उभी, कॉलरच्या पट्ट्यावर आडवं. जागा तुम्हीच साबणाने खूण करून द्या. एक खूण छातीच्या रेषेवर पक्की, बाकीच्या तिथून वर-खाली सव्वातीन इंचांवर. चीर मात्र त्याला पाडू देऊ नका, ती घरी, काजाच्या टोकाला टाचणी आडवी लावून.

जुनीइंदूर
टाचणी कशाला?

धावदोरा
पातं घसरलं तर टाचणीला अडतं. नाहीतर काज दीड इंचाचं होतं.